आधी घोटभर, मग पेलाभर

उन्हाळ्यात पाहुणे यायचे म्हटले, की आपली पहिली धाव कोपऱ्यावरच्या दुकानाकडे! मोठी बाटली आणायची, ट्रेमध्ये ग्लास मांडायचे, ओतायचं की झालं. कष्ट नाहीत, आणि “हे काय गं नवीन?” असं विचारणारंही कुणी नाही. पण ज्या घरात हौसेनं काही आंबवलं जातं, आल्याचं फसफसतं सरबत होतं, कांजीची बरणी उन्हात बसते, त्या घरातल्या बाईपुढे प्रश्न उभा राहतो. तिला स्वतःला ती चव आवडलेली असते, घरच्यांनाही रुळलेली असते. पण बाटलीतल्या गोड, स्वच्छ, झगझगीत पेयांची सवय असलेल्या मैत्रिणीच्या हाती तो गढूळसा पेला द्यायचा कसा? दिला आणि तिनं एक घोट घेऊन नुसताच टेबलावर ठेवून दिला तर?

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या आपलाच नाही बरं का. इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर करण्याचा छंद असलेली पुष्कळ मंडळी आहेत. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट गेली, आणि अमेरिकेत १९७८ साली केंद्रीय कायदा बदलून घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. तेव्हापासून या मंडळींची तक्रार एकच: मित्रांना सवय बाजारातल्या फिक्या, हलक्या, गारेगार ‘लागर’ बिअरची; घरची बिअर असते गढूळ, कडवट, दाट. मित्र घोट घेतात, “वेगळीच आहे” म्हणतात आणि पेला बाजूला ठेवतात. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ सालचा कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, तेव्हा बिअर त्यांची त्यांना लखलाभ! मात्र मित्रांच्या जिभेला नव्या चवीची ओळख करून देताना ते ज्या युक्त्या वापरतात, त्या आपल्या बिनदारूच्या स्वयंपाकघरातही तंतोतंत उपयोगी पडतात.

जिभेला वळण कसं लागतं?

आज ज्या चवीला आपण ‘नेहमीची’ म्हणतो, तीही कधीतरी नवीनच होती. सोनेरी, पारदर्शक लागर बिअर बोहेमियातल्या पिल्सेन गावात १८४२ साली पहिल्यांदा तयार झाली. त्याआधी बहुतेक बिअर गडद आणि गढूळच असे. आपल्याकडचंच पाहा ना. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८७२ साली काढली आणि पुढे आपल्या गावोगावच्या जत्रांतून ती फुटफुटू लागली. १९७७ साली कोका-कोला देशातून गेलं, तेव्हा गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप यांनी जागा भरून काढली. १९९३ साली कोका-कोला परत आलं आणि हे देशी पेयांचे ब्रँडही त्याच कंपनीकडे गेले. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत आपल्या जिभेला एक ठरावीक वळण पडलं: भरपूर गोड, भरपूर गार, भरपूर फसफस.

गोड किती, तर अशा साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे सहा-सात चहाचे चमचे! आपल्या चहात कुणी सात चमचे साखर घातली, तर आपण कप परत करू. पण बर्फासारखं गार असलं की गोडी जिभेला कमी कळते. शीतपेय कोमट करून प्यायलात तर पाकच वाटेल, तो याचमुळे.

आंबवणं आपल्याला परकं नाही

पाहुणीला पहिलं सांगायचं ते हे, की आंबट-फसफसत्या चवीशी आपलं नातं जुनंच आहे. इडली, ढोकळा, आंबोळी यांचं पीठ आंबतंच. नाचणीची आंबील आंबवूनच करतात. दही तर रोजचंच. आणि फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झटका लोणच्यात आपल्याला हवाहवासा वाटतो. तोच झटका पेल्यात आला तर नाक का मुरडायचं?

शिवाय आंबवण्याचं काम फार पूर्वीपासून बायकांच्याच हातचं. सुमेरियन लोकांची बिअरची देवता निनकासी ही स्त्रीच. युरोपातही मोठे कारखाने येण्याआधी घराघरांतून बायकाच बिअर करीत. आपल्या देशात झारखंडची हंडिया, अरुणाचलची अपाँग ही तांदळाची पेयं आजही प्रामुख्याने बायकाच करतात. म्हणजे बरणीवर फडकं बांधणारी बाई काही जगावेगळं करते आहे, असं मुळीच नाही.

एकदम कांजी नको

घरी बिअर करणारे जाणते लोक नवख्या मित्राला काळी, कडू बिअर पहिल्यांदा कधीच देत नाहीत. आधी गव्हाची फिकी बिअर, मग जरा कडवट, मग दाट. पायरीपायरीनं. आपणही तसंच करावं. मी तीन पायऱ्या सुचवते.

पहिली पायरी, ताजं आलं-लिंबू. आल्याचा रस, लिंबू, साखर, चिमूटभर मीठ आणि वरून साधा सोडा. यात आंबवलेलं काहीच नाही, पण आल्याची तिखट चव जिभेवर बसते.

दुसरी पायरी, आल्याचं आंबवलेलं सरबत. तिसरी पायरी, कांजी.

मधली पायरी गाळून मैत्रिणीला थेट कांजी देऊ नका. मोहरीची चव जिभेवर रेंगाळते आणि त्यानंतर आल्याचं सरबत पाण्यासारखं लागतं. एकाच बैठकीत दोन्ही द्यायची असतील, तर आधी आल्याचं, मग कांजी, हा क्रम ठेवावा.

आल्याचं विरजण आणि सरबत

एका काचेच्या बरणीत दोन कप उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. त्यात सालासकट किसलेलं आलं दोन चहाचे चमचे आणि साखर दोन चमचे घाला. आलं नुसतं धुवून घ्या, साल काढू नका. आपल्याला हवं ते यीस्ट सालीवरच असतं. बरणीवर स्वच्छ फडकं बांधा. रोज पुन्हा एवढंच आलं, एवढीच साखर घालून ढवळा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवडाभरात वर बुडबुडे येतात, वास छान आंबूस येतो. हे झालं विरजण. आठ दिवसांतही बुडबुडा दिसला नाही, तर टाकून द्या आणि दुसऱ्या दुकानातलं आलं आणा.

आता सरबत. दोन लिटर पाण्यात ७५ ग्रॅम ठेचलेलं आलं आणि दीडशे ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं उकळा. गाळा, आणि अगदी पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्यात विरजण घातलंत तर यीस्ट मरेल आणि सगळी मेहनत फुकट. मग दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेलं विरजण घालून बाटल्यांत भरा. वर तीन बोटं जागा मोकळी ठेवा.

बाटल्या शीतपेयांच्या जाड प्लॅस्टिकच्याच घ्या. हे मी कळकळीनं सांगते. आत वायू तयार होत असतो, आणि साध्या काचेच्या बाटलीत तो कोंडला तर बाटली फुटून काचा उडतात. प्लॅस्टिकच्या बाटलीचा दुसरा फायदा असा, की ती दाबून पाहता येते. बाटली दगडासारखी कडक लागली, की तडक फ्रिजमध्ये. मे महिन्यात हे बारा ते चोवीस तासांतच होतं, डिसेंबरात दोन-तीन दिवस लागतात. उघडताना मोरीवर धरून, झाकण हळूहळू फिरवून वायू सोडावा. आठ दिवसांत संपवावं.

ओततानाची गंमत लक्षात ठेवा. तळाशी पांढुरका साका बसतो. बाटली हलवू नका, एका दमात अलगद ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवा. घरची बिअरवाले हेच करतात. पेला जितका स्वच्छ दिसेल, तितकी नवख्या पाहुणीची भीड लवकर मोडते.

कांजी

कांजी मूळची उत्तरेकडची. तिथे थंडीत काळी गाजरं येतात, त्यांची करतात. आपल्याकडे काळं गाजर सहसा मिळत नाही, तेव्हा साधी गाजरं पाव किलो आणि रंगासाठी एक मध्यम बीट घ्या. बोटाएवढे तुकडे करा. दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, दोन मोठे चमचे भरड कुटलेली मोहरी, पाच सपाट चहाचे चमचे मीठ, एक चमचा लाल तिखट. सगळं काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत घालून फडकं बांधा आणि उन्हात ठेवा. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ वापरू नका. आंबट पदार्थ त्यात कळकतो. रोज कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळा. तीन ते पाच दिवसांत सणसणीत आंबट झालं, की गाळून फ्रिजमध्ये. गाजराचे तुकडे लोणच्यासारखे जेवणात संपतात.

वर केसाळ बुरशी दिसली किंवा वास कुजका आला, तर सगळंच टाकावं. “वरचं काढून खालचं वापरू” ही आपली काटकसर इथे चालणार नाही.

पेला हातात देताना

आता खरी परीक्षा. करणं सोपं, देणं अवघड! काही गोष्टी सांभाळल्या तर निम्मी लढाई जिंकलीत म्हणा.

नाव नीट सांगा. “अगदी कोल्ड्रिंकसारखंच लागतं गं” असं म्हणालात, की तिची जीभ त्या गोडीची वाट पाहते आणि निराश होते. इंग्रज याला ‘जिंजर बिअर’ म्हणतात खरं, पण ते नाव सासूबाईंसमोर घ्याल तर सरबताआधी खुलासेच करत बसावं लागेल! “आल्याचं आंबवलेलं सरबत आहे, जरा तिखट लागेल,” एवढं पुरे. कांजीला “आंबट-खारट आहे, मोहरी नाकात जाईल,” असं आधीच सांगावं. माहीत असलेला झटका गंमत वाटते, नकळत बसलेला झटका फसवणूक वाटते.

पेला लहान घ्या. सरबताचा मोठा ग्लास भरून पुढे केला, की पाहुणीवर तो संपवण्याचं ओझं येतं. वाटीएवढ्या पेल्यात चार घोट द्या. आवडलं तर ती मागेल.

पहिल्यांदा चांगलं गार द्या. गारव्यानं तिखट-आंबटपणाची धार कमी होते. पुढे सवय झाली, की जरा कमी गार द्या, म्हणजे खरा स्वाद कळेल.

सोबत खायला हवंच. राजस्थानात कांजीत वडे घालून ‘कांजी वडा’ करतात, तो काही उगाच नाही. तेलकट पदार्थाबरोबर आंबट पेय छान जमतं. आपल्याकडे बटाटेवडा, कांदाभजी, खमंग थालीपीठ आहेच. आल्याच्या सरबताबरोबर चिवडा किंवा खारे दाणे.

नेहमीचं पेयही घरात असू द्या. तिला निवड आहे, हे तिला दिसू द्या. आणि तिच्या हातातल्या कोल्ड्रिंककडे पाहून साखरेवर व्याख्यान देऊ नका. चमच्यांचा हिशोब मी तुम्हाला सांगितला तो तुमच्यासाठी. पाहुणीला घोटाबरोबर उपदेश पाजला, तर दोन्ही कडू लागतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घोट घेतल्याबरोबर “कसं झालंय?” असं विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाला “छान आहे हं” याखेरीज उत्तरच नसतं. खरं उत्तर पाहुणी उठल्यावर पेल्यात पाहावं. रिकामा असेल, तर तुम्ही जिंकलात. निम्मा असेल, तरी वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या खेपेला चार घोटांचे दोन करा.

आधी सांगावं, मगच द्यावं

एका बाबतीत मात्र अजिबात लपवाछपवी नको. यीस्ट साखर खातं तेव्हा वायूबरोबर थोडं अल्कोहोलही होतंच. एक-दोन दिवसांच्या सरबतात ते अगदी थोडं असतं, पण नसतंच असं म्हणता येत नाही, आणि जास्त दिवस बाहेर ठेवलं तर वाढतं. म्हणून वर सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. पाहुण्यांत कुणी माळकरी असेल, जैन असेल, मुस्लिम मैत्रीण असेल, तर ‘हे आंबवलेलं आहे’ हे पेला हातात देण्याआधीच सांगावं. जैन घरांत आलं, गाजर, बीट ही कंदमुळंही पुष्कळांना चालत नाहीत. तिला नंतर कळलं, तर सरबताची नाही, तुमच्यावरच्या विश्वासाची चव जाते.

तसंच गरोदर बायका, अगदी लहान मुलं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजारानं किंवा औषधांनी कमी झाली आहे, त्यांना घरी आंबवलेली पेयं देऊ नयेत. आल्याच्या सरबतात साखर उरतेच, म्हणून मधुमेहींना ते नको. कांजीत साखर घालत नाही, पण मीठ असतं. १०० मिलिलिटरमध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. ज्यांचं ब्लडप्रेशर चढतं, त्यांना घोटभरच पुरे.

मोकळा हात

ही सगळी उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारील. बाटली आणावी नि मोकळं व्हावं! आमच्या भिशीतला एक प्रसंग सांगते. आमच्यातल्या एका काकूंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. हळदीकुंकू असो, बारसं असो, पेयांचा ट्रे समोर आला की त्या हसून मान हलवायच्या आणि पदर सावरत बसायच्या. कुणी “पाणी आणू का?” म्हणे, त्या “नको गं” म्हणत. सगळ्यांच्या हातात ग्लास, त्यांचेच हात मांडीवर. इतक्या वर्षांत आम्हां कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं.

एका फाल्गुनात भिशीला कांजी होती, सोबत भजी. ट्रे आला, काकूंनी सवयीनं हात मागे घेतला. “काकू, यात साखर नाही. मीठ आहे, मोहरी आहे. तुम्हाला ब्लडप्रेशर नाही ना? मग दोन घोट घेऊन बघा,” असं म्हटल्यावर त्यांनी पेला घेतला, आधी नुसताच वास घेतला. मग घोट घेतला, आणि मोहरी नाकात जाऊन डोळ्यांत पाणी आलं. आम्ही घाबरलो. त्या म्हणाल्या, “अगं, पाणी मोहरीनं आलंय. आणा आणखी थोडी.” शेजारच्या मारवाडी भाभी लगेच म्हणाल्या, “हमारे यहाँ तो होली पे कांजी-वडा होताच!” आणि मग वडे कसे भिजवायचे, यावर जी चर्चा रंगली, तिच्यात काकूच सगळ्यांत पुढे.

त्या दिवशी कांजी न आवडलेल्याही दोघीजणी होत्याच. एकीनं अर्धा घोट घेऊन पेला ठेवला आणि आपलं कोल्ड्रिंक घेतलं. तिची चव तिच्यापाशी. नव्या चवीची ओळख करून द्यायची, बळजबरी नाही. नको म्हणणारीला मनापासून नको म्हणता आलं, तरच हो म्हणणारीच्या ‘हो’ला अर्थ.

विरजण फिरतं ठेवा

एखादीला चव आवडली आणि तिनं कृती विचारली, तर कागदावर लिहून द्याच, पण त्याबरोबर छोट्या बरणीत आल्याचं विरजणही द्या. दह्याच्या विरजणाची वाटी जशी या घरातून त्या घरात जाते, तसंच हेही. फ्रिजमध्ये ठेवलंत तर आठवड्यातून एकदा चमचाभर आलं नि चमचाभर साखर त्याला पुरते. मुलांच्या सुट्टीत महिनाभर माहेरी जाणार असाल, तर जाण्याआधी थोडं विरजण शेजारणीकडे ठेवून जावं. तुमचं बिघडलं तर तिच्याकडून परत आणता येतं, आणि तेवढ्या निमित्तानं तीही एखादी बाटली भरून पाहते.